उन्हाळ्याची उमेदवारी कुणाच्या वाट्याला?

मुलींच्या फीचा प्रश्न शासनाने बराचसा सोडवला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना शिष्यवृत्तीचा आधार आधीपासून होताच. वर्धा जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणक शिकवते. समुद्रपूर, कारंजा, आष्टी या बाजूच्या खेड्यांतून आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुली माझ्या वर्गात बसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिसऱ्या वर्षाचा उन्हाळा आला की या वर्गाचे दोन भाग पडतात. काहीजण कामाला जातात, काहीजण घरी जातात. घरी जाणाऱ्यांत मुली जास्त असतात. या उन्हाळ्याबद्दल मला मैत्रिणींशी बोलायचं आहे, कारण हा प्रश्न कॉलेजच्या प्लेसमेंट विभागावर सोडून देण्यासारखा नाही.

ज्यांचा या विषयाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिकत असताना सुट्टीत एखाद्या कंपनीत, कारखान्यात किंवा संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, याला आज सगळे इंटर्नशिप म्हणतात. जुन्या मराठीत याला उमेदवारी म्हणत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात तिला जागा दिली आणि नंतरच्या धोरणात पदवीच्या चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० तास अशा कामाची अपेक्षा ठेवली. म्हणजे ही हौस राहिली नाही, पदवीचा भाग झाली. शिवाय नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, ‘कुठे काम केलंय?’ साधा प्रोग्राम आता यंत्रच लिहून देऊ लागलं आहे. त्यामुळे नवख्या पोरीने खऱ्या कामाला हात लावलेला आहे का, हे अधिकच बारकाईने पाहिलं जातं.

मग हे काम मिळतं कसं? जाहिराती असतात, संकेतस्थळं असतात, कॉलेजमधून पत्रंही जातात. पण मी वर्षानुवर्षं पाहते आहे, बहुतेकांना काम मिळतं ते ओळखीने. कुणाचा मामा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असतो, कुणाच्या वडिलांचा मित्र नागपूरला मिहानमध्ये असतो. ज्यांच्या घराण्यात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, शहरात गोतावळा आहे, त्यांना एका फोनवर जागा मिळते. ज्या मुलीचा बाप कोरडवाहू कापूस पिकवतो आणि आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, तिने कुणाला फोन करायचा? इथे जात आणि वर्ग आधीच आपलं काम करून गेलेले असतात. तशा घरातल्या मुलालाही हे सोसावं लागतं. मुलीला त्यावर आणखी एक कुंपण ओलांडायचं असतं.

माझी एक विद्यार्थिनी आर्वीकडच्या खेड्यातली. गुण उत्तम, हात चांगला. कुणाच्याही ओळखीशिवाय तिने पंचवीस-तीस ठिकाणी अर्ज पाठवले आणि पुण्याच्या एका लहान कंपनीने तिला आठ आठवड्यांसाठी बोलावलं. मोबदला काही नव्हता, ‘शिकायला मिळेल’ एवढंच आश्वासन. राहण्या-जेवण्याचे महिन्याला आठ-नऊ हजार धरले, तरी दोन महिन्यांचे सोळा ते अठरा हजार होत होते. बापाने तेही जुळवायची तयारी दाखवली. अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. ‘पोरगी दोन महिने परक्या गावात कुणाच्या भरवशावर राहील?’ आजी म्हणाली, काका म्हणाला, शेवटी आईही म्हणाली. तिच्याच वर्गातला एक मुलगा त्याच उन्हाळ्यात पुण्याला गेला. तीन मित्रांच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून झोपला. त्याची काळजी कुणी केली नाही आणि त्याबद्दल कुणी त्याच्या आईला नावंही ठेवली नाहीत. ही मुलगी घरी राहिली. तिने एका संकेतस्थळावर तीन हजार रुपये भरून सहा आठवड्यांच्या ‘ऑनलाइन इंटर्नशिप’चं प्रमाणपत्र मिळवलं. सहा आठवड्यांत कुणी तिचं काम पाहिलं नाही, चूक दाखवली नाही, एक प्रश्न विचारला नाही. प्रमाणपत्रावर मात्र सोनेरी शिक्का होता.

फी माफ करून शासनाने जे दिलं, ते असे शिक्के विकणारे परत काढून घेतात. काम करणाऱ्यानेच पैसे भरायचे, ही कुठली रीत?

आता आपल्याकडचा उन्हाळा मुलीसाठी कसा असतो तेही पाहू. मुलाच्या सुट्टीला सुट्टी म्हणतात. मुलगी होस्टेलवरून घरी आली की आईला वाटतं, आता जरा हात मोकळा होईल. कुरडया, पापड, सरगुंडे, वर्षभराचं तिखट-हळद. लग्नसराई असते. वावरात पऱ्हाट्या निघालेल्या असतात, मृगाच्या आत धसकटं वेचून रान साफ करायचं असतं, आणि हे वेचण्याचं काम बाईचंच. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा लांबल्या तर उरतात मोजके आठवडे. त्यात नवतपा, पारा पंचेचाळिसाच्या पुढे आणि गावात पाण्याची बोंब. ‘घरूनच काम कर’ अशी सोय टाळेबंदीपासून आली आहे खरी. पण घरून काम करणारी मुलगी घरच्यांच्या दृष्टीने घरीच असते. लॅपटॉप उघडून बसली की कुणीतरी म्हणतं, ‘बसलीच आहेस तर कणीक मळून ठेव.’

यावर कंपनीवाले म्हणतात, ‘आम्ही शिकवतो, वर पैसे कशाला द्यायचे?’ लहान कंपनीची अडचण मला समजते. नवख्या माणसाला शिकवायला वेळ जातो, त्याच्या हातून चुका होतात. पण दोन महिन्यांपैकी पहिले दोन-तीन आठवडे सोडले तर ही मुलं चाचण्या घेतात, माहिती भरतात, ग्राहकांचे फोन घेतात, वेबसाइटची पानं तयार करतात. त्यातलं बरंचसं कंपनी पुढे ग्राहकाला विकते. विकायच्या कामाला मजुरी नाही, हे कुठल्या न्यायाने? फुकटच्या कामाला तोच जाऊ शकतो ज्याला घरून पैसे येतात. म्हणजे बिनपगारी इंटर्नशिप ही आपोआपच खात्यापित्या घरांसाठी राखीव जागा होते. आणि घरात पैसे थोडे असले तर ते आधी मुलावर खर्च होतात, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

हा वाद वर्ध्याला नवा नाही. १९३५ साली गांधीजींनी आग्रह धरला की कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचे आठ आणे, म्हणजे पोटाला पुरेल एवढी मजुरी, मिळाली पाहिजे. खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, अशी ओरड तेव्हाही झाली. आठ आणे काही देता आले नाहीत, पण चरखा संघाने मजुरी वाढवण्याचं धोरण स्वीकारलं आणि खादीची वाढलेली किंमत पत्करली. दोनच वर्षांनी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. हाताने उपयोगाचं काम करता करता शिकायचं, आणि त्या कामाला बाजारात मोल असलं पाहिजे, हा तिचा गाभा होता. त्यातल्या सगळ्याच गोष्टी आज मान्य कराव्यात असं नाही, मुलांच्या श्रमाबद्दलचे आक्षेप मलाही पटतात. पण कामातून शिकणं आणि कामाला मोल असणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हा विचार याच गावात मांडला गेला. त्याच जिल्ह्यातल्या मुलींना आज ‘शिकायला मिळतंय ना, मग पैसे कशाला?’ हे ऐकावं लागतं.

सरकारी योजना आहेत, पण त्यांची दारं शिकणाऱ्यांसाठी उघडत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली, महिन्याला ५,००० रुपये. तिच्या पहिल्या फेरीत २१ ते २४ वयाची अट होती आणि पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना अर्ज करता येत नव्हता. राज्याने २०२४ मध्येच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये. तिथेही शिक्षण चालू असलेल्यांना जागा ठेवली नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्याखाली रीतसर नोंदलेल्या उमेदवाराला ठरलेलं विद्यावेतन द्यावंच लागतं. पण उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थिनीला सहसा कुणी त्या कायद्याखाली नोंदवत नाही. पदवीसाठी काम सक्तीचं आणि त्या कामाचा मोबदला मात्र मालकाच्या मर्जीवर, अशी ही व्यवस्था आहे.

आता सुरक्षिततेबद्दल. घरचे जेव्हा ‘कुणाच्या भरवशावर?’ असं विचारतात, तेव्हा त्यांना मागासलेले म्हणून मोकळं होता येणार नाही. भीती खोटी नाही. चार-पाच माणसांचं ऑफिस, मालक हाच साहेब, रात्री उशिरा ‘कामाबद्दल’ येणारे संदेश, आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही त्याचीच. मुलीने तक्रार करायची तरी कुणाकडे? ती तर ‘फक्त इंटर्न’!

इथे आपण ठामपणे सांगितलं पाहिजे, की कायदा तिचा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कर्मचारी कुणाला म्हणावं हे सांगताना प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार यांचा स्पष्ट उल्लेख करतो. पगार मिळतो की नाही, याचा त्यात संबंध नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. आणि हा कायदा आला कुठून हे आपण विसरू नये. १९९२ साली जिच्यावर अत्याचार झाला ती राजस्थानातली भंवरी देवी शासनाच्या कार्यक्रमात मानधनावर काम करणारी साथीन होती. तिच्यासाठी संघटना कोर्टात उभ्या राहिल्या, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे हा कायदा झाला. मानधनावरच्या बाईच्या लढ्यातून आलेला कायदा बिनपगारी मुलीला लागू नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याला कायदाही ठाऊक नाही आणि त्याचा इतिहासही नाही.

काम मिळालं, राहायची सोय झाली, तरी आत गेल्यावर कोणतं काम वाट्याला येतं हाही प्रश्न आहेच. परत आलेल्या मुलींना मी नेहमी विचारते, ‘काय केलंस?’ उत्तरं ठरलेली असतात. अहवाल टाइप केले, सादरीकरण सजवलं, तक्ते भरले. सर्व्हर, यंत्रं, साइटवरची उपकरणं मुलांकडे. ‘मुलींचं काम नीटनेटकं असतं’ अशी शाबासकी देत त्यांना खुर्चीत बसवून ठेवायचं. स्वयंपाकघरात आपल्याला असंच कौतुक करत बसवलं गेलं होतं.

म्हणून मी माझ्या विद्यार्थिनींना काही गोष्टी सांगते. मुलींच्या गटांनीही त्या सांगाव्यात. शोध जानेवारीतच सुरू करा, एप्रिलमध्ये उरतात त्या विकत घ्यायच्या जागा. अर्जासोबत स्वतः केलेलं लहानसं, पण चालणारं काम जोडा. गावच्या बचत गटाचे हिशेब ठेवणारा प्रोग्राम असला तरी चालेल, नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा तो जास्त बोलतो. आधी पैसे मागणाऱ्याला अर्ज करू नका. आणि होकार देण्यापूर्वी पाच गोष्टी लेखी मागा: काम नेमकं काय, तास किती, विद्यावेतन किती, काम शिकवणारी व्यक्ती कोण, आणि तक्रार समिती कुठली. एवढं विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे न गेलेलं बरं.

आणि ‘तंत्रज्ञान’ म्हटलं की पुणे-बंगळूरच, हेही डोक्यातून काढायला हवं. मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं, ते ग्रामीण तंत्रज्ञान लोकांसमोर मांडण्यासाठीच. तिथेच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एमगिरी, आहे. दत्तपूरला देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली सुरू केलेलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. हिंगणघाट-पुलगावकडे जिनिंगचे कारखाने आहेत, सेवाग्रामला मोठं रुग्णालय आहे, ग्रामपंचायतींत संगणक आहेत, १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाइलवर ई-पीक पाहणी आहे आणि ती भरताना अडखळणाऱ्या शेतकरी बायका गावोगाव आहेत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. घरून रोज जाऊन-येऊन करता येईल, शेवटच्या एसटीच्या आत परतता येईल, असं काम जिल्ह्यात नक्की निघू शकतं. ते कुणीतरी दारोदार जाऊन विचारून काढायला हवं. एकट्या मुलीला फाटकावरूनच परत पाठवतात. तिच्याबरोबर महिला मंडळाच्या चौघी गेल्या तर आत बसवून चहा देतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

जवळचं काम शोधा म्हणजे मुलींनी दूर जाऊ नये असं मात्र मला मुळीच म्हणायचं नाही. जिला पुण्याला जायचं आहे तिला जाता आलं पाहिजे. त्यासाठी माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्या घेऊन आपण कॉलेज, विद्यापीठ आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं पाहिजे. पहिली, मे-जूनमध्ये मुलींची वसतिगृहं आणि मेस चालू ठेवा, आणि शहरांतल्या शासकीय वसतिगृहांत उन्हाळ्यात रिकाम्या होणाऱ्या खोल्या बाहेरगावच्या विद्यार्थिनींना द्या. दुसरी, जी इंटर्नशिप विद्यार्थिनीकडून पैसे घेते ती कॉलेजांनी पदवीसाठी धरू नये, आणि जिथे प्रत्यक्ष काम करून घेतलं जातं तिथे विद्यावेतनाशिवाय मान्यता देऊ नये. तिसरी, शासनाच्या योजनांमध्ये शिकणाऱ्यांसाठी दोन महिन्यांचा उन्हाळी भाग ठेवा. पदवीसाठी काम सक्तीचं केलंत, तर त्याचा खर्चही उचला.

आणि एक गोष्ट मागणी न करताही होण्यासारखी आहे. हा अंक पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरच्या मैत्रिणीही वाचतात. संघटनेच्या कामासाठी आपण एकमेकींच्या घरी किती वेळा उतरलो असू! शिबिरं झाली, मोर्चे झाले, कोर्टाच्या तारखा झाल्या. महाराष्ट्र एक्सप्रेसने वर्ध्याहून निघालेल्या बाईला पुण्यात कुणाकडे जायचं हा प्रश्न कधी पडला नाही. तीच सोय आता या मुलींसाठी करूया. ज्यांच्या घरी किंवा ओळखीत मे-जूनमध्ये एका मुलीची राहायची सोय होऊ शकेल, त्यांनी गाव, भाग आणि किती आठवडे जमेल एवढं जानेवारीच्या आत संपादकांकडे कळवावं. तिने जेवणाचा खर्च द्यावा, घरातल्या कामात कुणीही घेतो तेवढाच वाटा घ्यावा, आणि तिच्या येण्याजाण्यावर पहारा नसावा. आमच्या गटाने वर्ध्यात, बाहेरून येणाऱ्या मुलींसाठी, चार घरं आधीच ठरवली आहेत.